जोडे शिवणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज बूल



तुमच्या इमारतीच्या जिन्यावर दिवा असेल आणि त्याला एक बटण खाली व एक वर असेल, तर एक गंमत तुमच्या नजरेस आलीच असेल. खालचे बटण दाबले की दिवा लागतो, वर जाऊन वरचे दाबले की विझतो. दोहोंपैकी कोणतेही बटण दाबा, दिवा आपली स्थिती बदलतो. लागलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर लागतो. एकच बटण दोनदा दाबले तर काहीच न केल्यासारखे होते. लहान मुले ह्या बटणांशी तासन् तास खेळतात आणि आपण वीज फुकट जाते म्हणून त्यांच्यावर रागावतो.

ह्याच बटणांचा एक मोठा खेळ आहे. पाच आडव्या ओळी आणि पाच उभ्या रांगा अशा पंचवीस दिव्यांची चौकट असते. एका दिव्याला हात लावला की तो स्वतः तर बदलतोच, पण त्याच्या वरचा, खालचा, डावीकडचा आणि उजवीकडचा असे शेजारीही बदलतात. काही दिवे लागलेले असतात, ते सर्व विझवून दाखवायचे. १९९५ साली अमेरिकेत ‘लाइट्स आउट’ ह्या नावाने हे खेळणे बाजारात आले आणि मुलांबरोबर गणिताचे प्राध्यापकही ते घेऊन बसले. तुम्ही एक दिवा विझवावा तर शेजारचे तीन लागावेत, असा हा खेळ आहे. कोणती मांडणी विझेल, कोणती शंभर वर्षे प्रयत्न केले तरी विझणार नाही, हे न खेळताच सांगता येते. ते सांगणाऱ्या गणितात शून्य आणि एक एवढ्या दोनच संख्या लागतात.

अशा गणिताचा पाया ज्याने घातला त्याच्या घरात विजेचा दिवा कधी लागला नाही, कारण एडिसनचा दिवा निघाला १८७९ साली आणि हा गृहस्थ १८६४ मध्येच निवर्तला होता. त्याचे नाव जॉर्ज बूल. त्याच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा देऊन मिळवलेली पदवी नव्हती. त्याचे वडील जोडे शिवीत. त्याची हकीकत आज तुम्हांस सांगावयाची आहे.

वडिलांची दुर्बीण

इंग्लंडमधील लिंकन ह्या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्जचा जन्म झाला. वडिलांचे नाव जॉन. आई मेरी अॅन लग्नापूर्वी एका बड्या घरी बाईसाहेबांची दासी म्हणून नोकरीस होती. चार भावंडांत जॉर्ज थोरला.

जॉन बूल यांचा धंदा जोड्यांचा असला तरी जीव मात्र भिंगांत आणि गणितात अडकलेला. कामाचे जोडे बाजूला पडत आणि हे गृहस्थ काचा घाशीत बसत. त्यांनी स्वतःच्या हातांनी दुर्बीण तयार केली, आणि परमेश्वराची कृती आदराने पाहू इच्छिणाऱ्या कोणीही आत यावे, अशा अर्थाची पाटी दुकानाच्या खिडकीत लावली. गिऱ्हाईक जोड्यांसाठी येई आणि चंद्र पाहून जाई. अशा दुकानाचे पुढे काय होणार, हे सांगावयास नकोच.

वाचकहो, ह्या वडिलांविषयी मत बनविणे सोपे नाही. संसाराकडे त्यांचे लक्ष नव्हते आणि त्याची झळ मुलांना बसली, हे खरे. पण मुलाला पहिले गणित ह्याच माणसाने शिकविले, उपकरणे हातात धरावयास ह्यानेच दिली, आणि आकाशाकडे पाहताना मान कशी नम्र ठेवावी हेही ह्यानेच शिकविले. त्यांना मुलासाठी पैसा ठेवता आला नाही. जिज्ञासा मात्र त्यांनी भरपूर ठेवली.

साध्या प्राथमिक शाळेपलीकडे जॉर्जला फारसे शिक्षण मिळाले नाही. लॅटिनचे पहिले धडे गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक भाषा मुलाने स्वतःच पुस्तके धुंडाळून शिकली. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले आणि वडिलांनी ते अभिमानाने स्थानिक वृत्तपत्रात छापून आणले. तेव्हा एका शाळामास्तरांनी जाहीर शंका घेतली, की एवढ्या वयाच्या मुलाकडून हे होणेच शक्य नाही. कष्टाने शिकलेल्या गरिबाच्या पोराला पहिली दाद अशीच मिळते. लोक आधी चोरीचा संशय घेतात. जॉर्ज त्याने खचला नाही. पुढे त्याने फ्रेंच, जर्मन आणि इटालियन ह्या भाषाही आत्मसात केल्या.

सोळाव्या वर्षी घरचा कर्ता

१८३१ च्या सुमारास वडिलांचा धंदा बसला आणि सगळ्या घराचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर आला. तो डॉनकॅस्टर येथील एका निवासी शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागला. तेथून पगार घरी जाऊ लागला. पुढे काही दिवस लिव्हरपूलला आणि मग लिंकनजवळच्या वॉडिंग्टनला त्याने नोकरी केली. १८३४ साली, जेव्हा त्याच्या बरोबरीची श्रीमंतांची मुले केंब्रिजला शिकावयास जात होती, तेव्हा त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. आईवडील आणि भावंडे ह्या शाळेच्या उत्पन्नावर जगू लागली.

गणिताकडे तो वळला त्याचे एक कारण मोठे व्यवहारी सांगतात. खिशात पैसे थोडे. कादंबरी किंवा कवितेचे पुस्तक घेतले तर चार दिवसांत संपते. गणिताचे पुस्तक मात्र महिनोन् महिने पुरते. तेव्हा तेवढ्याच पैशांत गणित अधिक किफायतशीर! लाक्रवा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचे कलनशास्त्रावरचे पुस्तक त्याने असेच मिळविले आणि एकट्याने त्याच्याशी झुंज दिली. रात्री शाळेची मुले झोपली की ह्याचा अभ्यास सुरू होई.

येथे पालकांनी थोडे थांबावे. आपण अशा गोष्टी मुलांना नेहमी सांगतो, की पाहा, शिक्षक नसतानाही तो शिकला. पण बूल यांनी स्वतः पुढे खंत व्यक्त केली, की चांगला शिक्षक मिळाला असता तर जे लवकर समजले असते त्यासाठी आपली जवळजवळ पाच वर्षे खर्ची पडली. पुस्तकाची निवड चुकली, वाट चुकली, पुन्हा मागे यावे लागले. म्हणजे एकट्याने शिकण्याचे कौतुक आपण करतो, त्याची किंमत मात्र शिकणाऱ्याने भरलेली असते.

तरी मदतीचे दोन हात त्याला लाभले. लिंकन गावात कामगारांसाठी एक विद्यामंडळ स्थापन झाले होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुस्तक मिळावे, व्याख्यान ऐकता यावे, हा त्याचा हेतू. त्याच्या ग्रंथसंग्रहाची व्यवस्था जॉर्जच्या वडिलांकडे आली, आणि मुलाला पुस्तकांचे दार उघडले. दुसरा हात सर एडवर्ड ब्रॉमहेड ह्या जवळच्या जमीनदारांचा. ते स्वतः गणिताचे जाणकार होते आणि आपल्या संग्रहातील मौल्यवान ग्रंथ ते ह्या तरुणाला वाचावयास देत. १८३५ साली, वयाची विशीही पूर्ण झाली नसताना, ह्याच मंडळात जॉर्जने न्यूटनच्या कार्यावर व्याख्यान दिले. पुढे दुकानातील नोकरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी म्हणून लिंकनमध्ये चळवळ झाली, तिच्यातही ते होते. आणि मिळालेल्या फुरसतीचा उपयोग कसा करावा ह्यावर १८४७ मध्ये त्यांनी नोकरवर्गापुढे भाषण केले.

सुवर्णपदक

१८४१ पासून बूल यांचे लेख केंब्रिजहून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकात येऊ लागले. संपादक डंकन ग्रेगरी हे त्यांच्याहून फक्त दोनेक वर्षांनी मोठे, पण त्यांनी लेखकाची पदवी विचारली नाही, लेख पाहिला. शोधनिबंध कसा लिहावा, कोणत्या रीतीने मांडावा, हे त्यांनी बूल यांना आपलेपणाने शिकविले. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असा विचार बूल यांच्या मनात आला होता. पण विद्यार्थी झाले तर शाळा बंद होणार आणि शाळा बंद झाली तर आईवडील काय खाणार? त्यांनी तो विचार सोडून दिला.

१८४४ साली त्यांनी एक मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. लेखक कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हते. निबंध परत करावा असेही मत पडले. परंतु एका परीक्षकाने त्याचे मोल ओळखले आणि त्याच वर्षी त्या निबंधाला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. गणितासाठी हे पदक दिले गेल्याची ती पहिलीच वेळ. ते मिळाले लिंकनच्या एका शाळामास्तरास.

शून्य आणि एक

आता बूल यांच्या मुख्य कामाकडे वळू. बीजगणित तुम्ही शाळेत शिकता. युरोपात त्याला जे ‘अल्जेब्रा’ नाव आहे ते नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ ह्या शब्दावरून आले, हेही तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेल. त्या शास्त्रात अक्षर म्हणजे अज्ञात संख्या. बूल यांच्या मनात विचार आला, की अक्षर म्हणजे संख्याच कशाला? अक्षर म्हणजे वस्तूंचा एक वर्ग असे का मानू नये? सांगतात, की सतराव्या वर्षी डॉनकॅस्टरच्या एका शेतातून चालत असता ही कल्पना त्यांच्या डोक्यात प्रथम चमकली. ती कागदावर यावयास मात्र चौदा वर्षे जावी लागली.

समजा, ‘क्ष’ म्हणजे सर्व पांढऱ्या वस्तू आणि ‘य’ म्हणजे सर्व शेळ्या. मग ‘क्ष’ गुणिले ‘य’ म्हणजे पांढऱ्या शेळ्या. बरे, ‘क्ष’ गुणिले ‘क्ष’ म्हणजे काय? पांढऱ्या वस्तूंतील पांढऱ्या वस्तू, म्हणजे पुन्हा पांढऱ्या वस्तूच. तेव्हा ह्या बीजगणितात ‘क्ष’चा वर्ग ‘क्ष’ इतकाच असतो. आता नेहमीच्या संख्यांमध्ये शोधा, स्वतःच्या वर्गाइतकी संख्या कोणती? दोन नाही, कारण तिचा वर्ग चार. तीन नाही. अशा संख्या दोनच आहेत : शून्य आणि एक. बूल यांनी शून्याला अर्थ दिला ‘काहीच नाही’ आणि एकला अर्थ दिला ‘सर्व काही’. मग ‘एक उणे क्ष’ म्हणजे जे पांढरे नाही ते सर्व. एखादी वस्तू एकाच वेळी पांढरी आहे आणि पांढरी नाही असे होऊ शकत नाही, हा तर्कशास्त्राचा पुरातन नियम. तो ह्या बीजगणितात साध्या समीकरणाने निघाला.

१८४७ मध्ये त्यांनी हे विचार ब्याऐंशी पानांच्या एका छोट्या पुस्तकात प्रसिद्ध केले, आणि १८५४ साली विचाराच्या नियमांवरील त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. दोन हजार वर्षे जे तर्कशास्त्र शब्दांनी शिकविले जात होते, ते आता गणितासारखे सोडविता येऊ लागले. त्या काळी ह्याचा व्यवहारात काय उपयोग, हे कोणासही सांगता आले नसते.

कॉर्कचे दिवस

१८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे नवे क्वीन्स कॉलेज सुरू झाले. बूल यांनी अर्ज केला आणि पदवी नसतानाही गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या आधीच्या डिसेंबरात वडील वारले होते. मुलाचे हे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आयर्लंड तेव्हा भयंकर दुष्काळातून जात होते. बटाट्याचे पीक कुजून लाखो माणसे मेली होती आणि लाखो देश सोडून गेली होती. हे कॉलेज कोणत्याही एका पंथाचे नव्हते. सर्व पंथांच्या विद्यार्थ्यांना ते खुले होते. ह्याच कारणावरून काही धर्मगुरूंनी त्याला निधर्मी ठरवून विरोध केला. बूल स्वतः श्रद्धाळू होते, परंतु पंथांच्या भांडणात ते पडले नाहीत. त्यांनी वर्ग घेतले, फळ्यावर गणिते सोडविली आणि १८५१ मध्ये विज्ञानशाखेचे प्रमुखपद सांभाळले. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. डब्लिन आणि ऑक्सफर्ड ह्या विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या. आयुष्यात पदव्या मिळाल्या त्या अशा.

१८५५ साली त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट ह्यांच्याशी झाला. हे आडनाव तुम्हांस ओळखीचे वाटेल. हिंदुस्थानच्या भूमापन खात्याचे प्रमुख असलेले आणि ज्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास दिले गेले ते सर जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे चुलते. मेरी स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या आणि पतीच्या मोठ्या ग्रंथाच्या लेखनात त्यांची मदत झाली होती.

नोव्हेंबर १८६४ अखेरची गोष्ट. घर कॉलेजपासून सुमारे तीन मैल. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. प्राध्यापक नेहमीप्रमाणे पायी निघाले, चिंब भिजले आणि त्याच ओल्या कपड्यांत त्यांनी तास घेतला. घरी आले ते ताप घेऊनच. फुफ्फुसे धरली. मेरींचा अशा उपचारांवर विश्वास होता, की ज्या कारणाने रोग झाला त्याच गोष्टीने तो बरा करावा. त्यांनी पतीला ओल्या चादरींत गुंडाळले, असे सांगतात. ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, जॉर्ज बूल ह्यांचे निधन झाले. विचाराचे नियम शोधणाऱ्याच्या घरात आजारपणाच्या वेळी एका चुकीच्या समजुतीचा अंमल चालला, ही गोष्ट मनाला लागते. घरात विद्या आहे म्हणून प्रत्येक समजूत तपासलेली असतेच असे नाही.

पाच मुली

मागे राहिल्या विधवा आई आणि पाच मुली. सर्वांत धाकटी सात महिन्यांचीही नव्हती. पैसा बेताचाच. मेरी लंडनला आल्या आणि स्त्रियांच्या एका महाविद्यालयात त्यांनी ग्रंथपालाची नोकरी धरली. त्या काळी इंग्लंडची जुनी विद्यापीठे मुलींना पदवी देत नसत.

तरी ह्या मुलींचे काय झाले ते ऐका. तिसरी अॅलिशिया. तिला गणिताचे रीतसर शिक्षण मिळालेच नाही. लाकडी ठोकळ्यांशी खेळता खेळता तिने चार मितींच्या आकृत्या मनात उभ्या केल्या, त्यांचे पुठ्ठ्याचे नमुने तयार केले, आणि १९१४ मध्ये हॉलंडच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली. चौथी ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि इंग्लंडच्या रसायन संस्थेची पहिली स्त्री-फेलो ठरली. सर्वांत धाकटी एथेल लेखिका झाली. १८९७ साली निघालेली तिची ‘द गॅडफ्लाय’ ही कादंबरी रशियात लाखोंनी खपली. दुसरी मार्गारेट, तिचा मुलगा जेफ्री टेलर पुढे विसाव्या शतकातील मोठा पदार्थशास्त्रज्ञ झाला. मुलींच्या शिक्षणावर खर्च कशाला, असे अजूनही कोणी म्हणत असेल तर त्याला ह्या घराची हकीकत सांगावी.

दिव्यांचे कोडे

बूल यांचे बीजगणित पुढे सत्तर-ऐंशी वर्षे तर्कशास्त्रज्ञांच्या कपाटात राहिले. १९३७ साली क्लॉड शॅनन ह्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या स्विचांची जोडणी म्हणजे हुबेहूब बूलचे बीजगणितच होय. एकामागे एक असे दोन स्विच असतील तर दोन्ही चालू असतानाच दिवा लागतो. शेजारी शेजारी जोडले तर कोणताही एक चालू असला तरी पुरतो. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तीन शब्द तारांनी बोलू लागले. संगणकातील प्रत्येक मंडल आजही ह्याच रीतीने आखले जाते.

आता आपल्या पंचवीस दिव्यांकडे या. खेळणे विकत आणण्याची गरज नाही. चिंचोके फोडून त्यांच्या पंचवीस फाका करा. तपकिरी बाजू वर असेल तर दिवा विझलेला, पांढरी वर असेल तर लागलेला समजा. कागदावर पाच बाय पाच घरे आखा आणि एकेक फाक ठेवा. एका घराला हात लावला की त्या घरातील आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेल्या फाका उलटवा.

प्रथम दोन गोष्टी ध्यानात घ्या. एकाच घराला दोनदा हात लावणे म्हणजे न लावणेच. आणि कोणत्या घराला आधी, कोणत्याला नंतर, ह्याने शेवटच्या मांडणीत काहीच फरक पडत नाही. म्हणजे प्रत्येक घराबाबत प्रश्न एकच : हात लावायचा की नाही? एक की शून्य? फक्त येथे एक अधिक एक म्हणजे दोन नव्हे, तर शून्य. बूल यांची स्वतःची बेरीज थोडी निराळी होती. ज्या वर्गांत सामाईक काही नाही अशांचीच ते बेरीज करीत. एक अधिक एक शून्य असे मानून तर्कशास्त्र मांडण्याचे काम रशियात झेगाल्किन यांनी १९२७ मध्ये केले. पण शून्य आणि एक ह्यांवर हिशेब चालविण्याची वाट बूल यांनी पाडली होती.

सुरुवात लहान करा. एका ओळीत तीनच दिवे घ्या. फक्त पहिला लागलेला आहे. तो विझविण्यासाठी त्याला हात लावाल तर फसाल. मधल्याला आणि शेवटच्याला हात लावा. मधला व शेवटचा दोनदा बदलून मूळ जागी येतात, पहिला एकदाच बदलतो आणि विझतो. आता दोनच दिवे घ्या. कोणालाही हात लावला तरी दोन्ही बदलतात. एकच लागलेला असेल तर तो कधीही एकटा विझणार नाही.

मग एका ओळीत पाच दिवे घ्या आणि पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या घरावर खूण करा. कोणत्याही घराला हात लावून पाहा : खुणेची दोनच घरे बदलतात, न कमी न जास्त. म्हणून खुणेच्या घरांतील लागलेले दिवे सम असतील तर समच राहतात, विषम असतील तर विषमच राहतात. सर्व विझणे म्हणजे शून्य, आणि शून्य ही सम. तेव्हा सुरुवातीला ही संख्या विषम असेल तर हात जोडावेत. ती मांडणी विझणार नाही. ही सिद्धता एवढ्यात पूर्ण झाली.

मोठ्या चौकटीतही हीच युक्ती चालते. पहिली, तिसरी आणि पाचवी उभी रांग घ्या. त्यांतील मधल्या ओळीची घरे सोडा. बारा घरे उरतात, त्यांवर खूण करा. दुसऱ्या कागदावर हीच आकृती पाव वळसा फिरवून काढा. कोणत्याही घराला हात लावा, दोन्ही आकृत्यांतील खुणेची घरे सम संख्येनेच बदलतील. म्हणून दोन्ही आकृत्यांत लागलेले दिवे सम असतील तरच मांडणी विझते; आणि दोन्ही सम असतील तर ती नक्की विझते, हेही सिद्ध झालेले आहे. पंचवीस दिव्यांच्या एकूण मांडण्या ३,३५,५४,४३२. त्यांपैकी बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे ८३,८८,६०८ तेवढ्या विझतात.

आता गंमत पाहा. कोपऱ्यातला एकच दिवा लागलेला आहे. किती सोपे दिसते! पण तो दोन्ही आकृत्यांत खुणेच्या घरात येतो. जन्मभर खेळलात तरी विझणार नाही. एकच दिवा लागलेला असून विझू शकतो अशी घरे अवघी पाच आहेत, आणि ती फाशावरील पाच ठिपक्यांसारखी बसलेली आहेत. उलट, पंचवीसच्या पंचवीस दिवे लागलेले असतील तर ते संकट मोठे दिसते. पण दोन्ही आकृत्यांत बारा बारा, म्हणजे सम. पंधरा घरांना हात लावून ते सारे विझतात. चौकट केवढीही असो, सर्व दिवे लागलेले असतील तर ते विझविता येतातच, हे क्लाउस झुटनर यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले.

विझविण्याची रीत हवी असेल तर तीही घ्या. पहिल्या ओळीत जो दिवा लागलेला आहे त्याच्या बरोबर खालच्या घराला हात लावा, वरचा विझेल. असे ओळीमागून ओळ उतरत जा. शेवटची ओळ विझलेली सापडली तर जिंकलात. नाही सापडली तर पहिल्या ओळीत हात लावण्याची निराळी निवड करून पुन्हा उतरा. पहिल्या ओळीची निवड फक्त बत्तीस प्रकारे करता येते. साडेतीन कोटींच्या आसपास प्रयत्न वाचले आणि बत्तीसांवर काम आले. विद्या म्हणजे काय, तर हेच वाचलेले श्रम.

शेवटी पालकांस

वाचकहो, ह्या कोड्यात आणि बूल यांच्या जीवनात एक धागा मला समान दिसतो. वरवर पाहून कोणत्या मांडणीतून काय निघेल, हे सांगता येत नाही. लिंकनच्या त्या दुकानात बुडालेला धंदा, लहान भावंडे, शाळेची फी नाही, असे सारे दिवे एकदम लागलेले होते. बघणाऱ्याने म्हटले असते, येथून काही निघणार नाही. पण ती मांडणी सुटणारी होती. योग्य ठिकाणी थोडे हात लागावे लागले. एक पुस्तकविक्रेता, एक कामगारांचे ग्रंथालय, एक उदार जमीनदार, आणि पदवी न विचारणारा एक संपादक.

आपल्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिच्या एकटेपणातील चिकाटीचे कौतुक जरूर करा, परंतु तेवढ्यावर थांबू नका. तिला शिक्षक शोधून द्या, पुस्तक आणून द्या, वाचनालयाची वर्गणी भरा. बूल यांची जी पाच वर्षे वाया गेली ती आपल्या मुलांची जाऊ नयेत, ह्यासाठीच तर शाळा आणि शिक्षणसंस्था असतात.

आणि उद्या तुमचे लेकरू जिन्यावरच्या बटणाशी पुन्हा पुन्हा खेळताना दिसले, तर रागावण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारा : हा दिवा आता लागलेला आहे; मी ही दोन बटणे मिळून सतरा वेळा दाबली, तर शेवटी तो लागलेला असेल की विझलेला? उत्तर त्यालाच काढू द्या.